भविष्यात मामा नसतो

नानांनी मला खोली दिली ती पोह्यांच्या जोरावर. बँकेत माझी बदली धुळ्याला झाली होती. वरणगावहून सकाळी निघालेली मी दिवसभर देवपुरात खोल्या बघत फिरले, पायांचे तुकडे पडायची वेळ आली. शेवटच्या घरी ओट्यावर एक उंच, काटकुळे गृहस्थ पुस्तक वाचत बसले होते. त्यांनी ना गाव विचारलं, ना जात, ना पगार. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "शंभर वर्षांनी धुळ्यातली माणसं सकाळी नाश्त्याला काय खातील?"

मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "पोहेच खातील. खोली दाखवताय की जाऊ?"

"मयूरी," त्यांनी आत हाक मारली, "वरच्या खोलीची किल्ली आण गं. बाई शहाण्या दिसतात."

माझ्या आधी आलेल्या एका शिक्षकानं त्याच प्रश्नाला 'गोळ्या खातील' असं उत्तर दिलं होतं म्हणे. त्याला नानांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. "ज्याला भरीत सोडून गोळी गिळावीशी वाटते तो माणूस वर राहणार आणि मी खाली निवांत झोपणार? शक्य नाही," असं ते मला नंतर अगदी गंभीरपणे म्हणाले.

नाना म्हणजे बसस्टँडवरचे निवृत्त कंट्रोलर. उभी नोकरी लाउडस्पीकरसमोर गेली, त्यामुळे घरातलं साधं बोलणंही 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' अशा थाटाचं. घरात ते आणि त्यांची मुलगी मयूरी, दोघंच. मयूरी शाळेत असतानाच बायको गेली. मयूरी एका लॅबमध्ये रक्त तपासायची आणि आल्यावर स्वयंपाकघरातून ओरडायची, "नाना, चहा फलाटाला लागला!" पहिला आठवडा मला हसू आवरेना. दुसऱ्या आठवड्यात मीच जिन्यावरून 'माझाही कप लावा' म्हणून ओरडू लागले.

या माणसाला सुपारीचं व्यसन नाही, तंबाखूचं नाही. व्यसन एकच, विज्ञानकथा. त्यातही उद्याचं जग कसं बिघडणार, सरकार माणसांना कसं कोंडणार, पृथ्वी कशी संपणार, असल्या. कधीतरी स्टँडच्या बाकावर कुणा प्रवाशाचं असलं एक पुस्तक राहिलं. नानांनी तीनदा पुकारा केला, कोणी आलं नाही, मग दोन गाड्यांच्या मधे वाचून काढलं, आणि तिथून जे लागलं ते लागलं. वाचनालयातलं ते कपाट त्यांनी कधीच संपवलं होतं. जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे जिन्याखाली होते, त्यामुळे मला माझी सायकल बाहेर लावावी लागायची. ती एकदा पावसात गंजली, तेव्हा मी भांडायला गेले तर म्हणाले, "या गठ्ठ्यांत जगाचे निदान चाळीस शेवट आहेत. तुझी एक सायकल."

आता कुणाला वाटेल, एवढं वाचतात म्हणजे आवडत असेल. छे! नानांना एकही गोष्ट पसंत पडायची नाही. ते वाचायचेच मुळी चुका काढायला. पुस्तक मिटून बाजूला आपटायचे आणि मी जिन्यावर दिसले की सुरू.

"यातही मामा नाही!"

हे त्यांचं मुख्य दुखणं. "मला सांग, पाचशे वर्षांनंतरचं जग. हुकूमशहा आहे, तळघर आहे, त्यातून पळून जाणारा पोरगा आहे. त्याला मामा का नाही? आत्या नाही, साडू नाही, एक चुलतभाऊ नाही. सगळ्या भविष्यात नातेवाईक जातात कुठं?"

"मरत असतील नाना. साथ वगैरे येते ना त्यात."

"साथीनं मामा मरत नसतो. आणि समजा, जगात दोनच माणसं उरली आणि ती आपल्याकडची असली, तर आधी काय करतील? आडनाव विचारतील. मग गाव. मग म्हणतील, अरे, म्हणजे तुम्ही आमच्या वहिनीच्या माहेरचे! संपली गोष्ट. एकटेपणाच राहत नाही, तर लेखक रडणार कशावर?" एवढं बोलून ते माझ्याकडेच रागानं बघायचे, जणू पुस्तक मी लिहिलंय.

कालयंत्राच्या गोष्टींवर तर ते कंट्रोलरच्या अधिकारानं तुटून पडायचे. परतीची गाडी कधी, वाटेत थांबे किती, बिघडलं तर दुसरी गाडी कोण पाठवणार, यातलं काही दिलेलं नसायचं. शिवाय नायक एकटाच यंत्रात बसून भूतकाळात जातो हे त्यांना बिलकुल मान्य नव्हतं. "आपल्या अंगणातून रिकामी गाडी निघते आणि शेजारचा कोणी 'मला तेवढं पारोळ्यापर्यंत सोडा' म्हणत नाही? असं कधी झालंय?" यंत्रमानवांच्या बंडाबद्दल त्यांचं मत असं, की यंत्र बंड करत नाही, ते फक्त पाहुणे आले की नेमकं बंद पडतं. आणि जिथं सरकार भिंतीभिंतीतून माणसांवर नजर ठेवतं, अशा एका जाडजूड पुस्तकाबद्दल ते हळू आवाजात, समोरच्या खिडकीकडे डोळ्यांनी खूण करत म्हणाले, "एवढी यंत्रं बसवायचा खर्च कशाला? गल्लीत एक काकू पुरे."

तेवढ्यात समोरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "काय हो नाना, आज शेवभाजी का? वास येतोय."

मला वाचायला देण्याचा त्यांनी फार प्रयत्न केला. मी बँकेत दिवसभर माणसांची गाऱ्हाणी ऐकून यायची, मला घरी येऊन आणखी जग बुडवायची हौस नव्हती. तरी एका रविवारी बळी पडले. पण पुस्तकाला नाही, सहलीला. जग संपल्यावर कसं दिसतं ते प्रत्यक्ष दाखवतो म्हणून नाना मला आणि मयूरीला सोनगीरच्या किल्ल्यावर घेऊन गेले. ऊन मी म्हणत होतं. वर पडक्या भिंती, कोरडं टाकं आणि खाली हायवेवर ट्रकांची रांग. नाना एका दगडावर उभे राहिले आणि पुकारा केल्यासारखे म्हणाले, "हे बघ. इथं एकदा जग संपलं. राजा गेला, फौज गेली. आता इथं कोण आहे?"

मी पाहिलं. बकऱ्या होत्या. एक माझ्या ओढणीचं टोक चावत होती.

"बकऱ्या!" नाना विजयानं म्हणाले. "जग संपलं की बकऱ्या येतात. इतकी पुस्तकं वाचली, एका लेखकानं बकरी घातली नाही. सगळे मेले आकाश लाल करून बसतात."

ओढणी माझी गेलीच. मयूरीनं हसून हसून डोळे पुसले आणि उतरताना माझ्या कानात म्हणाली, "ताई, यांना पाहून माझं लग्न कोण जमवणार गं?" ती हसत होती, पण ते गमतीनं विचारलेलं नव्हतं.

कारण दोन स्थळं नानांनी घालवली होती. पहिलं जळगावचं. मुलगा इंजिनिअर, नाकीडोळी नीटस. मयूरीनं पोह्यांच्या बशा ठेवल्या न ठेवल्या तोच नानांनी विचारलं, "वाचता काय?" मुलगा म्हणाला, "वाचायला वेळ नसतो, पण जग नष्ट होण्याचे सिनेमे बघतो." नाना खूश होऊन पुढे सरकले. "त्यात काय आवडतं?" मुलगा म्हणाला, "शेवट. सगळे मरतात ना, ते भारी वाटतं." नाना उभे राहिले. आणि खणखणीत आवाजात, अगदी स्टँडवरच्या पद्धतीनं म्हणाले, "जळगावकडे जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आपली गाडी सुटण्याच्या बेतात आहे." मुलाच्या वडिलांना आधी ती गंमत वाटली. मग चपला शोधायला लागले.

दुसऱ्या स्थळाचे वडील बोलघेवडे. म्हणाले, "आता पुढे स्वयंपाक यंत्रच करणार, तुमच्या मुलीला काही त्रास नाही." नानांनी विचारलं, "आणि आत्ता कोण करतं?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, "म्हणजे यंत्र येईपर्यंत माझ्या पोरीनं यंत्र व्हायचं." ही मंडळी तर चहाला हात न लावता गेली.

खरं सांगते, ही दोन्ही स्थळं गेली त्याचं मयूरीला काडीचं वाईट वाटलं नाही. तिसऱ्याची गोष्ट वेगळी होती. तिसरा पंकज. चोपड्याचा, जळगावला कॉलेजात तिच्याबरोबर असलेला, आता गावी ठिबक सिंचनाचं दुकान टाकून घरची केळीची शेती बघणारा. हे स्थळ मध्यस्थानं आणलेलं नव्हतं. हे तिनं स्वतः मनात कधीचं धरून ठेवलेलं होतं. मला सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला की मला मेलं उगीचच भरून आलं.

पंकजच्या घरचे येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं नानांना समोर बसवलं. "नाना, उद्या तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"अजिबात?"

"अजिबात. मामा नको, बकरी नको, हुकूमशहा नको. हे स्थळ मोडलं तर मी दुसरं बघणार नाही, सांगून ठेवते. मला पंकजच हवाय."

नानांनी हातातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "शब्द दिला." आणि तो त्यांनी पाळला, तेच तर नडलं!

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. पंकज, त्याची आई, बोलणी करायला त्याचा मामा, आणि पांढरं धोतर, डोक्याला टोपी घातलेले पंकजचे वडिलांकडचे आजोबा. त्यांना सगळे आबा म्हणत. मामाला दारात पाहताच नानांचे डोळे चमकले, त्यांनी तोंड उघडलं, मयूरीकडे पाहिलं आणि मिटलं. हात जोडून सगळ्यांना आत घेतलं, खुर्च्या दिल्या आणि आपण कोपऱ्यात बसले.

मामा म्हणाला, "प्रवास छान झाला आमचा." नानांनी मान हलवली.

"यंदा ऊन फारच लवकर पडलं." नानांनी मान हलवली.

"तुमची तब्येत बरी आहे ना?" नानांनी दोनदा हलवली.

मी बशा फिरवत होते आणि मनातल्या मनात कपाळ बडवत होते. आबाही काही बोलेनात. दोन म्हातारे समोरासमोर, ओठ घट्ट मिटून एकमेकांकडे बघतायत आणि मधे एकटा मामा बिचारा घाम पुसत हवापाण्यावर बोलतोय. शेवटी पंकजच्या आईनं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "ताई, यांना बोलता येतं ना हो?"

"येतं हो, चांगलं येतं."

"नाही, म्हणजे... काही झटका वगैरे येऊन गेला असेल तर सांगा. आम्ही काही वाईट मानणार नाही."

मामानंही कप खाली ठेवला. आवाज बदलून म्हणाला, "हे बघा, आमच्या मनात काही नाही. पण घरात काही दुखणंबिखणं असलं तर आधी कळलेलं बरं. मुलीचा बाप एक शब्द बोलत नाही, याचा अर्थ आम्ही काय घ्यायचा? स्थळ पसंत नसेल तर तसं सांगा, आम्ही उठतो."

तो खरोखर उठलाच. पंकजचा चेहरा पडला. स्वयंपाकघराच्या दारात मयूरी पांढरीफटक पडली होती. बोलले असते तर मोडलं असतं, आणि आता न बोलल्यानं मोडत होतं. ती तशीच ताडताड बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "नाना, बोला."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. बारीक आवाजात विचारलं, "सगळं?"

"सगळं बोला. व्हायचं ते होऊ दे."

नाना उभे राहिले. घसा साफ केला. "पाहुण्यांनी कृपया लक्ष द्यावे. मला कुठलंही दुखणं नाही. माझ्या पोरीनं मला तोंड बंद ठेवायला सांगितलंय. कारण मी जग बुडण्याच्या गोष्टी वाचतो, आणि मी त्यावर बोलायला लागलो की पाहुणे निघून जातात. आजवर दोनदा गेले. तुम्ही जाऊ नयेत अशी तिची फार इच्छा आहे. बोलणं संपलं."

आणि एकदम आबा मांडीवर थाप मारून असे हसले की टोपी घसरली. "आरे भाऊ! माले भी घरनासनी तोंड बंद ठेवाले सांगेल शे!"

"आबा, नको ना," पंकज कळवळून म्हणाला.

"आते काबर नको? त्यासनी सांगं, मी भी सांगस." आणि आबा खुर्ची ओढून नानांच्या अगदी समोर जाऊन बसले. मामानं डोळे मिटून घेतले. या म्हाताऱ्यालाही एक गोष्ट होती. गावात सगळ्यांना तोंडपाठ, कुणालाच न पटलेली. मुलीच्या घरी तेवढी काढू नका म्हणून त्यांनाही बजावून आणलेलं होतं.

गोष्ट अशी. तरुणपणी पहाटेच्या लाइटीवर आबा केळीला पाणी भरत होते. सातपुड्याच्या अंगानं एक गोल उजेड आला आणि त्यांच्या वावरावर येऊन थांबला. "मी मन्हा डोयाघाई देखेल शे. थाया इतला गोल. लाल नही, पिवया नही." बोलता बोलता ते अडखळले, कपाळ चोळायला लागले.

"आबा, आधी मोटर बंद पडली ना," पंकजची आई हळूच म्हणाली.

"हां! मोटर बंद पडनी. मंग उजेड उना." आबा पुन्हा रंगात आले. उजेड केळीच्या पानांवर कसा पडला, हात कसे थंड पडले, सगळं सांगितलं. मोटरीच्या घरघरीत त्याचा आवाज काही ऐकू आला नाही म्हणाले. पुन्हा थांबले.

"कुत्र्याचं राहिलं, आबा."

"हां! कुत्रं भुकनंच नही. नुसतं देखत बठनं."

नाना पुढे वाकून ऐकत होते. मयूरीनं माझा दंड असा आवळला होता की वळ उठले. तिला कळत होतं आणि मलाही. गोष्ट आणि नाना! जन्मात एका गोष्टीला बरं न म्हटलेला माणूस. आता हे विचारणार, उडती तबकडी आली कुठून, सुटली कधी, आणि म्हातारा उठून चालता होणार. नातवाचं लग्न आजोबांच्या अपमानावर कुठलं होतंय!

"थांबली किती वेळ?" नानांनी विचारलंच.

"बिडी पेटाडाले लागस इतला."

"कोण उतरलं?"

आबा खाली बघत म्हणाले, "कोनी उतरनं नही. थांबनं, देखं, आनि निंघी गयं."

नाना मागे टेकले. चष्मा काढून पुसला. एवढा वेळ पुसला की मामा चप्पल शोधायला लागला. मग म्हणाले, "खरी आहे."

"काय?" मामाच म्हणाला.

"गोष्ट खरी आहे. मी आजवर शेकड्यानं वाचल्या. लेखकानं रचली असती तर कोणीतरी उतरलं असतं, दोन वाक्यं बोललं असतं. इथं कोणी उतरलंच नाही. हे रचता येत नाही."

सगळं गाव ज्यांना हसत आलं ते आबा नानांचे दोन्ही हात धरून बसले आणि डोळ्यांतून धारा. "बठ्ठा गाव हासस भाऊ," एवढंच म्हणाले, "बठ्ठा गाव." मग उपरण्यानं तोंड पुसून मामाला फर्मावलं, "पोर आमनी. सुपारी काढ."

सुपारी फुटली. पंकजनं वाकून नानांना नमस्कार केला, मयूरी आत पळाली, समोरच्या काकू न बोलावता पेढे घेऊन आल्या. संध्याकाळी मंडळी निघाली तेव्हा आबा गाडीत बसेपर्यंत नानांचा हात सोडेनात.

गाडी वळली आणि मी नानांना गाठलं. "नाना, धन्य आहे तुमची! तबकडी खरी?"

"टुकार गोष्ट," नाना ओट्यावर बसत म्हणाले. "आधी मोटर बंद पडली म्हणतात आणि नंतर मोटरीच्या घरघरीत आवाज आला नाही म्हणतात. बंद मोटर घरघरते कशी? पहाटे गाढ झोपले असणार बांधावर."

"मग खरी का म्हणालात? आयुष्यात एका गोष्टीला बरं म्हटलं नाहीत!"

"मी गोष्ट ऐकतच नव्हतो गं. मी त्या बाईकडे बघत होतो. म्हातारा विसरला की सांगायची, आधी मोटर, मग कुत्रं. सासऱ्याची थाप तिला पाठ आहे. किती वर्षं ऐकली असेल, विचार कर. पण तोंड वाकडं केलं नाही, नवऱ्याकडच्या माणसाला हसली नाही. उलट एक शब्द राहू नये म्हणून धडपडत होती. अशा घरात माझी पोरगी जाणार असेल, तर तबकडी काय, आबा म्हणतील ते सगळं खरं."

मयूरी दारात उभी होती. आम्हाला कळलंच नव्हतं. ती येऊन नानांशेजारी बसली आणि म्हणाली, "नाना, परवा तुम्ही ती नवी गोष्ट सांगत होता, मी लॅबला जायची घाई केली. आता सांगा."

नानांनी सांगितली. लांबलचक होती. कुठल्या तरी ग्रहावर कोंडलेली माणसं, त्यांचं कसलं तरी सरकार, मला मेलं एक अक्षर कळलं नाही. नाना शेवटाला आले, थांबले, "तर असं झालं," म्हणाले आणि उठायला लागले.

मयूरीनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. "नाना, त्या आंधळ्या डॉक्टरणीचं राहिलं ना. परवा सांगितलं होतंत."

नाना "हो की," म्हणाले, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले.